शिक्षक दूर चालेल, पेशंट दूर नको : वैद्यकीय शिक्षणाचे निर्णय घेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या वैद्यकीय शिक्षणाचे निर्णय घेणारे सर्व वरिष्ठ,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते. शिकवायला लागून एकवीस वर्षं झाली. त्यातली सतरा मोठ्या शहरात गेली, शेवटची चार इथे. कॉलेजचं आणि जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की प्रश्न एका डीनचा होऊन बसतो, दोन माणसांच्या बदल्या होतात आणि फाइल बंद होते. ही फाइल तशी बंद होऊ नये, म्हणून पत्र उघड लिहिते आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवं वेळापत्रक लागलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांची आठवड्यात सकाळची पाच क्लिनिक्स, म्हणजे पेशंटच्या खाटेपाशी शिकण्याचे तास, असतात. त्यातली तीन आता वॉर्डात होत नाहीत, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होतात. तिथे मिक्स्ड रिअॅलिटीचे हेडसेट आणले आहेत. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातले प्राध्यापक तसाच हेडसेट डोक्याला लावून आपल्या पेशंटपाशी उभे राहतात. त्यांना जे दिसतं ते आमच्या मुलांना दिसतं, आणि सोबतीला हवेत तरंगणारं हृदय, फुप्फुस, रिपोर्ट, बाण. वेळापत्रकात या तासांपुढे ‘बेडसाइड क्लिनिक’ असंच छापलं आहे. हजेरीही त्याच नावाने लागते.

पहिल्या सोमवारी मी त्या हॉलमध्ये गेले. पडदे ओढलेले, चाळीस मुलं, आणि शहरातल्या एका पेशंटची डाव्या बरगडीखालची वाढलेली प्लीहा कशी तपासायची ते चाललेलं. सर उत्तम शिकवत होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच वेळी, त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, पुरुष वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवर एकोणीस वर्षांचा एक मुलगा तापाने पडला होता. मलेरियाचा रिपोर्ट आदल्या रात्री आला होता. त्याची प्लीहा बरगडीखाली तीन बोटं लागत होती. दोन जिने उतरले की चौदा नंबर. त्या दिवशी त्याच्या पोटाला एकाही विद्यार्थ्याचा हात लागला नाही.

हे मला मान्य नाही.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असा समज करून हे पत्र बाजूला ठेवू नका. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली, मुलं घरी गेली, आणि आम्ही शिक्षक खडू हातात धरून बसलो. त्याच वसंतात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या १८५ विद्यार्थ्यांना मायक्रोसॉफ्टचे होलोलेन्स हेडसेट देऊन शरीररचना घरबसल्या शिकवली. लंडनमध्ये इम्पीरियल कॉलेजशी जोडलेल्या रुग्णालयांत कोविड वॉर्डात एकच डॉक्टर हेडसेट लावून आत जाई आणि बाकीची टीम दुसऱ्या खोलीत बसून राउंड घेई. संसर्गाचा धोका कमी झाला, पीपीई किट वाचले. पुढे २०२२ मध्ये केंब्रिजच्या अॅडनब्रूक्स रुग्णालयात दम्याचा एक आभासी रुग्ण तयार झाला. तो मुलांसमोर धापा टाकतो आणि त्याची तब्येत बिघडत जाताना काय करायचं, हे मुलं त्याच्यावर शिकतात. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

माझा स्वतःचा अनुभवही चांगलाच आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत शहरातल्या आमच्या विभागाला एका देणगीदाराने एक हेडसेट दिला होता. मी किट घालून आत जायची, आणि पाच मुलं आपापल्या घरून लॅपटॉपवर माझ्या डोळ्यांनी बघायची. एक कणकवलीला, एक चाळीसगावला. मी एका आजोबांच्या उशाशी उभी असताना कणकवलीहून आवाज आला, “मॅडम, मानेची शीर परत एकदा दाखवा ना.” मी वाकले, आजोबांची मान थोडी वळवली, आणि फुगलेली शीर तिने तिकडून बरोबर मोजली. किटच्या आत मी रडत होते. वर्षभर जी मुलं पुस्तकात बंद झाली होती, ती त्या दिवशी पुन्हा वॉर्डात आली. ती मुलगी आज फिजिशियन आहे. त्या यंत्राचे उपकार मी विसरलेले नाही.

पण या सगळ्या ठिकाणी काय होतं ते बघा. कुठे विद्यार्थी पेशंटपर्यंत पोचूच शकत नव्हता, कुठे पेशंट खराखुरा नव्हताच. अंतर आधी होतं आणि यंत्राने ते कमी केलं. आमच्याकडे अंतर नव्हतं. दोन जिन्यांचं होतं. ते यंत्राने वाढवलं.

आता तक्रारी सांगते.

सगळ्यात मोठी तक्रार हाताची आहे. प्लीहा, जिला जुनी माणसं पानथरी म्हणतात, ती कशी तपासतात हे ज्यांनी हा अभ्यास केलेला नाही त्यांच्यासाठी लिहिते. पेशंटला पाय दुमडून निजवायचं. आपले हात चोळून गरम करायचे, कारण गार हात लागला की पोट दगडासारखं आवळतं. उजव्या कुशीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि तिरकं डाव्या बरगडीकडे सरकत जायचं. दर वेळी पेशंटला म्हणायचं, “मोठा श्वास घ्या.” आणि हात हलवायचा नाही, थांबायचं. नवखा विद्यार्थी इथेच चुकतो. तो थांबत नाही, शोधायला लागतो, बोटं खुपसतो. पेशंट कळवळतो. मग शिकवणारा त्याच्या हातावर आपला हात ठेवतो, दाब कमी करतो, आणि दोघं मिळून पुढच्या श्वासाची वाट बघतात. श्वासाबरोबर प्लीहा खाली येते आणि तिची कड बोटाला हलकेच लागते. ते ज्या क्षणी कळतं त्या क्षणी विद्यार्थ्याचा चेहरा बदलतो. एकवीस वर्षं मी तो चेहरा बघत आले आहे. हेडसेटमधून ती कड दिसेल, रंगवूनही दाखवता येईल. ती बोटाला लागणार नाही.

२०१९ पासून आपण देशभर जो क्षमताधारित अभ्यासक्रम चालवतो, त्यातही हेच आहे. प्रत्येक कौशल्याला पायरी लावली आहे : माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, स्वतः करतो. हॉलमध्ये बसून मूल दुसऱ्या पायरीपर्यंत जातं. त्याच्या लॉगबुकात मात्र तिसऱ्या पायरीची सही होते. ही सही माझ्याकडून मागितली जाते आणि मी ती करायला नकार दिला आहे. हे मी इथे नोंदवून ठेवते.

हातासारखीच कानाची गोष्ट. शहरातल्या पेशंटची हिस्टरी प्राध्यापकच विचारतात, मुलं ऐकतात. आमच्याकडचा पेशंट “छातीत दुखतं” असं सरळ म्हणत नाही. तो म्हणतो कळ येते, जीव घाबरा होतो, कणकण आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते, पायात गोळे येतात. यातलं काय हृदयाचं, काय उपाशीपोटी राबण्याचं आणि काय काळजीचं, हे त्याच्या खाटेच्या कडेला बसून दहा वेळा चुकल्यावर उमगतं. अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागांवर आमच्याकडे बाहेरच्या राज्यांतली मुलं येतात. ती मराठी शिकतात ती पेशंटकडूनच, आणि वॉर्डातल्या मावशींकडून. माझ्या एका केरळी विद्यार्थ्याला ‘उमाळा’ आणि ‘उमासा’ यातला फरक एका आजीने शिकवला. अशी शिकवणी कुठल्या हेडसेटमधून होणार?

दुसरी तक्रार, आणि खरं कारण हेच आहे असं मला वाटतं : रिकाम्या जागा. आमच्या विभागात मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी भरलेली नाहीत. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना, भंडारा अशी नावं त्या यादीत वाचून मला मनापासून बरं वाटलं होतं. तिथल्या मुलांना आता घराजवळ शिकता येईल आणि तिथल्या पेशंटला घराजवळ तज्ज्ञ मिळेल, हाच त्याचा अर्थ मी घेतला. कॉलेज रुग्णालयाला लागून का बांधतात? मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज जे. जे. रुग्णालयाला जोडून उभं राहिलं, ते कशासाठी? खाट आणि विद्यार्थी यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर राहावं म्हणूनच ना. जिल्ह्यात खाटा आहेत, पेशंट जमिनीवर गादी टाकून झोपतात इतके आहेत. नाहीत ते शिकवणारे. हेडसेट आल्यापासून ‘क्लिनिक होत नाही’ हे वाक्य कागदावरून गेलं आहे, आणि त्याबरोबर पद भरण्याची घाईही गेली आहे. हे मी माझ्या डोळ्यांदेखत बघते आहे.

तिसरी तक्रार छोटी आहे. चाळीस मुलांत हेडसेट सहा. उरलेली चौतीस मुलं भिंतीवरच्या पडद्यावर बघतात. त्याला मिक्स्ड रिअॅलिटी म्हणण्यात काही अर्थ नाही, ते थेट प्रक्षेपण आहे.

चौथी तक्रार लिहायला मला सगळ्यात जड जातं, कारण त्यात मी स्वतः आहे. पहिल्या आठवड्यात उलट दिशेची चाचणी झाली. आमच्या स्त्री वॉर्डातला राउंड हॉलमध्ये दाखवायचा होता आणि हेडसेट माझ्या डोक्यावर होता. ज्या पेशंटला तपासायचं होतं तिची संमती मी घेतली होती. पण कॅमेरा कपाळावर असतो. मान वळेल तिकडे तो वळतो. पलीकडच्या खाटेवर मावशी एका बाईंचे कपडे बदलत होत्या. ओळखीचा आवाज आला म्हणून मी सवयीने तिकडे बघितलं. दोन सेकंद, फार तर तीन. वर हॉलमध्ये भिंतीएवढ्या पडद्यावर ते चाळीस मुलांनी पाहिलं. एका विद्यार्थिनीने उठून पडदा बंद केला, तिचे मी आभार मानले आहेत. त्या बाईंकडे मी संध्याकाळी गेले, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, “त्या चष्म्यात कोण कोण होतं, डॉक्टरीणबाई?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चाळीस मुलं होती हे सांगितलं. पण आणखी कुठे ते दिसत होतं, कुठल्या सर्व्हरवर साठलं, किती दिवस राहणार, पुसणार कोण? मी लेखी विचारलं, उत्तर अजून आलेलं नाही. देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा मंजूर झाला आहे. वॉर्डात मात्र केसपेपरवरच्या छापील संमतीखाली अंगठा घेतात आणि त्यातच सगळं आलं असं धरतात. ज्या बाईने गुडघ्याच्या दुखण्यासाठी अंगठा दिला तिने चाळीस अनोळखी डोळ्यांसाठी तो दिला होता का?

यंत्राबद्दल थोडक्यात. घामाने काचा धूसर होतात, दोन-अडीच तासांत बॅटरी संपते, वाय-फाय वॉर्डाच्या कोपऱ्यात पोचत नाही. हे सुटण्यासारखं आहे. सुटण्यासारखं नाही ते वेगळंच. ज्या होलोलेन्सवर जगभरातले हे प्रयोग झाले, त्याचं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालं आणि होलोलेन्स २ ची सुरक्षाविषयक दुरुस्ती २०२७ अखेरपर्यंतच मिळणार आहे. आमचे हेडसेट दुसऱ्या बनावटीचे आहेत. पण एवढ्या मोठ्या कंपनीचं यंत्र असं थांबू शकतं, तर ज्या वस्तूच्या भरवशावर आपण शिकवणाऱ्यांच्या जागा रिकाम्या ठेवतो आहोत, ती पाच वर्षांनी चालेल याची हमी कुणी दिली आहे?

आणखी एक गोष्ट मनात सलते. जिल्ह्यातला वॉर्ड म्हणजे शहरातल्या वॉर्डाची हलकी आवृत्ती, असं या वेळापत्रकामागे कुठेतरी गृहीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड भागात लाल विंचवाच्या दंशाचे पेशंट तपासत होते. रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसून त्यांनी जे टिपलं ते १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि प्राझोसिन हे औषध वापरायला लागल्यावर मरणारी माणसं वाचू लागली. शहरातल्या रुग्णालयातून पाठवलेल्या चित्रात विंचवाचा तो पेशंट आलाच नसता. आमच्या मुलांना पुढे इथेच काम करायचं आहे. सर्पदंश, विंचू, मलेरिया, स्क्रब टायफस, कीटकनाशक पोटात गेलेले शेतकरी, हे सगळं त्यांच्या पायाशी आहे. आणि त्यांना आपण शहराकडे बघायला बसवतो आहोत.

मग करायचं काय? दिशा उलटी करा.

हे मी नुसतं सुचवत नाही, करून बघितलं आहे. नव्या वेळापत्रकाच्या त्याच पहिल्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी. चौदा नंबरच्या मुलाला मराठीत सगळं समजावलं, कोण बघणार ते नावानिशी सांगितलं, त्याच्या आईला सांगितलं. तो हो म्हणाला. खाटेभोवती पडदा लावला. हेडसेट एका विद्यार्थिनीच्या डोक्यावर दिला. माझे निवृत्त झालेले सर पुण्यात लॅपटॉपसमोर बसले. तिला जे दिसत होतं ते त्यांना दिसत होतं : तिचे स्वतःचे हात, त्या मुलाचं पोट. ती घाईने दाबायला लागली तसा पुण्याहून आवाज आला, “टोकं नकोत, बोटांची कड वापर. आणि थांब.” त्यांनी एक बाण काढला, तो तिला त्या पोटावर तरंगताना दिसला. ती त्या रेषेवर हात ठेवून थांबली. मुलाने श्वास घेतला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तो चेहरा मी ओळखला. सरांनी तिकडून विचारलं, “लागली ना?”

शिक्षक दीडशे कोसांवर होता. पेशंट हाताखाली होता. रिकाम्या जागा भरेपर्यंत हे यंत्र असं वापरता येतं, आणि जागा भरल्यावरही वापरता येतं.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

हेडसेटवरचे तास ‘बेडसाइड क्लिनिक’मध्ये मोजू नका. त्यांची वेगळी नोंद करा, वेगळं नाव द्या, आणि त्यांवर करून दाखवण्याच्या पायरीची सही मागू नका. तळमजल्यावर जो आजार खाटेवर आहे तो वरच्या मजल्यावर पडद्यावर शिकवू नका. दुर्मिळ आजार, शस्त्रक्रिया, संसर्गामुळे बंद असलेला वॉर्ड, शरीररचना यांसाठी हॉल जरूर वापरा, तिथे मी स्वतः मुलांना घेऊन बसेन.

जिल्ह्यांतल्या कॉलेजांत कुठल्या विभागात किती पदं मंजूर, किती भरलेली आणि उरलेली कुठल्या तारखेपर्यंत भरणार, हे जाहीर करा. कॉलेजच्या तपासणीच्या वेळी हेडसेट शिक्षकांच्या संख्येत धरला जाणार नाही, असं लेखी द्या.

पेशंटची संमती वेगळ्या कागदावर, त्याच्या भाषेत घ्या. जिथे मराठी चालत नाही तिथे गोंडी, भिली, कोरकू बोलणारं माणूस बसवा. नाही म्हणणाऱ्याच्या उपचारात फरक पडणार नाही हे तोंडी सांगा. कॅमेरा चालू असताना शेजारच्या खाटांना पडदा सक्तीचा करा आणि सगळ्यांना दिसेल असा दिवा लावा. ध्वनिचित्रमुद्रण नको. झालंच तर ते कुठे आहे आणि कधी पुसलं, याचा कागद पेशंटच्या हातात द्या. मुलांना आपण एटकॉममध्ये, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद या विषयात, रुग्णाशी कसं वागावं ते शिकवतो, निदान तेवढं तरी आपण पाळू.

खरेदीचा करार जनतेसमोर ठेवा : किंमत, दुरुस्ती कोण करणार, किती वर्षं.

आणि प्रत्येक कॉलेजला निदान दोन हेडसेट वॉर्डासाठी द्या, जे विद्यार्थ्याच्या डोक्यावर असतील. राज्यात निवृत्त झालेले कितीतरी कसलेले शिक्षक घरी आहेत. त्यांना मानधन देऊन आठवड्याचे काही तास मागा. माझ्या सरांनी शुक्रवारचं मानधन घेतलं नाही, उलट पुढचा शुक्रवार कधी म्हणून विचारलं.

यातल्या प्रत्येक मागणीवर हो किंवा नाही असं लेखी उत्तर मला पुढचं सत्र सुरू होण्याआधी हवं आहे. त्याआधी तुमच्यापैकी कुणीही एका सकाळी आमच्या वॉर्डात या. कळवून येण्याची गरज नाही. राउंड नऊला सुरू होतो. चौदा नंबरचा मुलगा बरा होऊन घरी गेला, आता तिथे दम लागलेले एक काका आहेत. त्यांच्या फुप्फुसाच्या तळाशी बारीक करकर ऐकू येते. माझा स्टेथोस्कोप मी तुम्हाला देईन.

आपली नम्र,
जिल्ह्यातल्या एका सरकारी कॉलेजात मेडिसिन शिकवणारी सहयोगी प्राध्यापक